पांढरी सहाच्या किंचित खाली

फादर एलेतेर माशेलला आले, भर दुपारी.
पेटीवाले च्यारी तुम्हीच ना?
आमच्याकडे एक पेटी आहे.
केवढी, मी विचारले.
त्यांनी माझ्या दुकानाकडे पाहिले, मग छपराकडे,
म्हणाले, इथे मावणार नाही.

रायबंदरची फेरी, खारफुटी, मानशीवर बसलेला बगळा.
चोडणच्या इगर्जीत लाकडी जिना,
आणि जिन्याच्या वर ती,
पाठीमागे कोळ्यांची जाळी, पुढे सोन्याचा उडालेला वर्ख.
जुन्या वहीत नळ्या चारशे बारा.
मोजल्या, दोनशे सत्तावन्न.

लिस्बनहून पेट्यांत भरून आली होती म्हणे.
एक पेटी धक्क्यावर उतरवताना पाण्यात पडली,
तेव्हापासून खालचा एक स्वर
पावसाळ्यात उशिरा उठायचा.
हे बोस्त्यांवने सांगितले.
तो नऊ वर्षांचा असताना भाता मारायचा,
दर मिसेला एक पाव आणि पाठीवर थाप.
आता एकोणऐंशीचा.
दांडी दाखवली तर हात आपोआप वर गेला,
मग त्यालाच हसू आले.

भात्याच्या घड्या मी एकेक उलगडल्या.
आमच्या पेटीचाच भाता,
फक्त आत माणूस आडवा झोपेल एवढा.
चामडे झुरळांनी खाल्लेले, फळ्या वाळवीने.
आत ठिगळावर ठिगळ, आणि एका ठिगळावर मोडी.
मोडी मला येते ती आजोबांच्या वह्यांपुरती.
अडखळत वाचले:
नारळ बावीस. सरस. बकऱ्याचे कातडे दोन.
येणे बाकी.
आकडा वाळवीने नेला होता.
म्हणजे माझ्याआधी माझ्यासारखाच कुणी येऊन गेला,
आणि त्याचे पैसे राहिले.
फादरांना वाचून दाखवले.
त्यांनी माझी उचल त्याच दिवशी दिली.

कातडे बेळगावहून आणले.
कुजलेल्या लाकडी नळ्यांना फणस घेतला,
मृदंगाला चालतो तर हिला का नाही.
सरस शिजवायला लागलो तेव्हा
साक्रिस्तांव नाकाला रुमाल लावून म्हणाला,
देवाच्या घरात हा वास?
मी म्हटले, आमच्या देवळातही हाच असतो,
वर धूप असतो म्हणून कळत नाही.

राहिल्या धातूच्या, एकशे पंचावन्न.
कुठे गेल्या, कुणी बोलेना.
मग एका संध्याकाळी पासकोल आला, पागी,
खांद्यावर गोणी, लुंगीतून पाणी गळतेय.
गोणी जिन्याखाली ओतली.
शिशाच्या गोळ्या, जाळ्याच्या कडेच्या,
खाऱ्या पाण्याने पांढऱ्या पडलेल्या.
पापा आमचो, एवढेच म्हणाला.
छप्पर गळत होते त्या वर्षी, कुणी विचारणारे नव्हते,
आणि घरी सहा तोंडे.
फादर बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग खाली बसून गोळ्या मोजू लागले,
मोजताना चुकले, पुन्हा एकपासून.

माझ्या चुलत भावाने कथील मिसळून त्या वितळवल्या.
वाळूच्या तक्त्यावर पत्रा ओतला,
दांड्याभोवती वळवून झाळला.
भट्टीतून मीठ तडतडले,
आणि क्षणभर सगळ्या पडवीला
सुक्या बांगड्याचा वास.
एकोणीस नळ्या झाल्या. बाकीच्या विकत.

स्वर लावायला बसलो.
फादर म्हणाले, हा आमचा ला.
माझ्या कानाला पांढरी सहा,
पण किंचित खाली,
ओहोटीला धक्क्याची एक पायरी जास्त दिसते तितकी.
वर खेचू का?
नको, बोस्त्यांव म्हणाला, असाच होता.
त्याला कसे ठाऊक, सत्तर वर्षांनी?
विचारले नाही. तसाच ठेवला.
आता माशेलला कुठलीही पेटी लावताना
मधेच हात थांबतो.

फेस्ताच्या दिवशी मला पुढच्या बाकावर बसवले.
पहिल्या मिसेलाच वीज गेली.
नवी मोटर बंद, नळ्या एकदम गप्प,
कुटुंबातल्या भांडणात मध्येच पाहुणा यावा तशा.
मग वरून दांडीची कुरकुर ऐकू आली.
बोस्त्यांव कधी वर गेला कुणी पाहिले नाही.

परतताना फेरीवरून पासकोल दिसला,
होडीत उभा राहून जाळे टाकत.
शिसे गेल्यावर कडेला काय लावलेस,
मी ओरडून विचारले.
नळे, तो ओरडला. इगर्जीच्या छपराचे, फुटके.
फादरांनी दिले.
मासे मिळतात का?
त्याने काहीतरी सांगितले,
पण तोवर फेरीचे इंजिन सुरू झाले होते.